बोरघाटातील रेल्वे-मजुरांवर भक्तिप्रधान ऐतिहासिक प्रेमकथा लिहिताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून पुण्याला जाणारा लोहमार्ग सह्याद्रीवर चढवण्याचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. या कामावरच्या मजुरांमध्ये घडणारी आणि श्रद्धेच्या आधाराने पुढे सरकणारी प्रेमकथा लिहू इच्छिणारे लेखक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे माहितीची आहेत, तर काही निव्वळ मताची. दोहोंतला फरक वाचकाच्या लक्षात येईलच.

भक्तिप्रधान प्रेमकथा कशाला म्हणावे? नायिकेने तुळशीला पाणी घातले की पुरे होते का?

पुरे होत नाही. तुळस, टाळ, बुक्का आणि एकादशी या गोष्टी त्या काळातल्या कोणत्याही कथेत येणारच, कारण त्या रोजच्या जगण्याचा भाग होत्या. कथा भक्तिप्रधान ठरते ती पात्राने घेतलेला एखादा मोठा निर्णय श्रद्धेवाचून घेतला गेलाच नसता, अशी वेळ आल्यावर. हस्तलिखितातून देवाचे सगळे उल्लेख काढून पाहावेत. त्यानंतरही कथानक जसेच्या तसे उभे राहत असेल, तर ती भक्तीची कथा नसून मागे देवघराचे चित्र टांगलेली प्रेमकथा आहे, असे समजावे.

एक उदाहरण घेऊ. गळ्यात माळ असलेला एक कुणबी मजूर मुकादमाकडून उचल घेऊन घाटात आला आहे. आषाढीची वारी घराण्यात कधी चुकलेली नाही; मात्र उचल फिटल्याखेरीज मुकादम त्याला सोडणार नाही. त्याच्याच टोळीत पाट्या वाहणाऱ्या एका विधवेने आपल्या आईच्या औषधासाठी त्याच्याकडे पैसे मागितले आहेत. ते पैसे दिले, तर उचल फिटत नाही आणि वारी चुकते. येथे श्रद्धा आणि प्रेम एकाच पैशावर हक्क सांगतात. ही अडचण लेखकाने बाहेरून आणलेली नसून त्या जगातूनच ती आपोआप निर्माण होते.

हाच काळ आणि हाच घाट का निवडावा? १८५३ ची पहिली गाडी अधिक परिचित आहे.

ती परिचित आहे हे खरे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी, तिचे १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि ‘साहिब’, ‘सिंध’, ‘सुलतान’ ही तीन इंजिने शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतात. परंतु तो सोहळा निमंत्रितांचा होता. मजुरांची कथा सांगायची असेल, तर जिथे मजूर वर्षानुवर्षे राहिला, भांडला, आजारी पडला आणि मेला, ती जागा निवडली पाहिजे.

बोरघाटात त्याला पुरेसा अवकाश आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेला हा चढ सुमारे १६ मैलांचा असून त्यात मार्ग १,८३१ फूट वर जातो. काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र उतार आहे. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले आणि दऱ्यांवर ८ मोठे कमानी पूल बांधावे लागले. काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. ऐन भरात, म्हणजे १८६१ च्या सुमारास, घाटात ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. एवढी वस्ती त्या वेळी अनेक चांगल्या शहरांचीही नव्हती.

शिवाय एक विलक्षण स्थिती कथाकाराला आयती मिळते. खोपोलीपर्यंत गाडी १८५६ मध्ये पोचली, खंडाळ्याहून पुण्यापर्यंत ती १८५८ मध्ये धावू लागली आणि १८६० मध्ये सोलापूरही गाठले गेले. फक्त मधला घाट तेवढा राहिला होता. खाली उतरलेला प्रवासी डोली, तट्टू किंवा बैलगाडीने १८३० साली झालेल्या जुन्या घाटरस्त्याने वर येई आणि पुन्हा गाडीत बसे. म्हणजे कामकऱ्यांच्या डोळ्यांदेखत मुंबई आणि देश, म्हणजे घाटावरचा मुलूख, यांच्यामधली ये-जा या रस्त्याने चालू होती. निरोप, नातलग, सावकार आणि गावची बातमी कथेत आणायला याहून चांगली वाट नाही.

मजूर नेमके कोण होते आणि कसे राहत असत?

ते अनेक ठिकाणांहून आले होते. देशावरचे आणि कोकणातले कुणबी, महार, मांग, दगडमातीच्या कामात वाकबगार असलेले वडार, तेलंगणाकडून आलेले कामाठी आणि घाटातच राहणारे ठाकर-कातकरी असा तो मेळा होता. कुटुंबेच्या कुटुंबे कामावर असत. पुरुष पहार आणि घणाने कातळात भोक पाडत, बायका आणि मोठी मुले फुटलेला दगड पाटीत भरून डोक्यावरून वाहत. मजुरी टोळीच्या हिशेबाने मुकादमाच्या हातात पडे आणि तिथून जेवढी खाली झिरपेल तेवढी मजुराला मिळे.

कड्याच्या पोटात जिथे पाय ठेवायला जागा नसे, तिथे माणसे दोरांवर सोडून भोके पाडावी लागत. भोकात काळी दारू, म्हणजे सुरुंगाची स्फोटक पूड, ठासायची, वात लावायची आणि वरच्यांनी ओढून घेण्याची वाट पाहायची. दोर धरणारा कोण, हा प्रश्न प्रेमकथेत फार मोलाचा आहे. तो प्रसंग लिहिताना घाई करू नये.

वस्ती झोपड्यांची आणि पालांची होती. उन्हाळ्यात पाणी लांबून आणावे लागे. पावसाळ्यात उघड्यावरचे काम जवळजवळ थांबे, बोगद्यांच्या आतले तेवढे चाले आणि पुष्कळसे कुणबी पेरणीसाठी गावी परतत. कादंबरीची प्रकरणे पाडताना ही मोसमी भरती-ओहोटी विसरू नये. आषाढी वारी पावसाळ्याच्या तोंडावर येते, म्हणजे काम सुटण्याच्या सुमारास. कार्तिकी येते तेव्हा टोळ्या पुन्हा घाट चढत असतात. विरह आणि पुनर्भेट यांसाठी वेगळा योगायोग रचण्याची गरजच उरत नाही.

त्या काळी मुलींची लग्ने लहानपणीच होत. मग प्रेम जमवायचे कसे?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो, आणि बहुतेक हस्तलिखिते इथेच फसतात. अठरा-वीस वर्षांची अविवाहित नायिका १८५९ च्या मजूरवस्तीत शोभत नाही. ती का अविवाहित राहिली याचे स्पष्टीकरण देण्यातच दोन प्रकरणे खर्ची पडतात आणि वाचकाला ते तरीही पटत नाही.

त्यापेक्षा त्या समाजातल्या खऱ्या वाटा पाहाव्यात. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत विधवेचे पुन्हा लग्न होत नसे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला तरी व्यवहार बदलला नाही. पण कुणबी, वडार, महार अशा अनेक जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेचे पुन्हा लग्न लावण्याची, चाल पूर्वापार होती. नवऱ्याशी पटले नाही तर काडीमोड घेता येई. त्यामुळे तरुण विधवा आणि विधुर, किंवा काडीमोड झालेली बाई आणि परगावचा गडी, यांची कथा पूर्णपणे विश्वासार्ह ठरते. पाटाला लग्नाइतका मान नसे, तो बहुधा रात्री आणि थोडक्या माणसांत उरकला जाई; मानाची ही उणीव नायिकेला किती बोचते, आणि देवापुढे दोन्ही सारखेच आहेत असे तिला कोण सांगते, यावर एक सुंदर प्रकरण उभे राहू शकते.

दुसरी वाट मला व्यक्तिशः अधिक आवडते. लहानपणी लग्न झालेली, एकमेकांना जेमतेम ओळखणारी नवरा-बायको दुष्काळ किंवा कर्जामुळे घाटात येतात आणि एकाच टोळीत राबताना प्रथमच एकमेकांच्या प्रेमात पडतात. गावच्या घरात सासू, जाऊ, नणंद यांच्या देखत नवऱ्याशी चार शब्द बोलणेही अवघड. पालात ती भिंत नाही. इंग्रजीत या प्रकारच्या कादंबऱ्या लग्नाकडे धावतात, आपली कथा लग्नानंतर सुरू झाली तर काहीच बिघडत नाही.

कोणती श्रद्धा दाखवावी? सगळ्यांनाच वारकरी करून टाकावे का?

मुळीच नाही. वारकरी पात्र लेखकाला सोपे जाते, कारण अभंगांची भाषा आपल्या कानात असते. पण त्या घाटात दैवते अनेक होती. जेजुरीचा खंडोबा अनेक जातींचे कुलदैवत होता. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आहे. चैत्रातल्या यात्रेला कोकणपट्टीतले कोळी-आगरी भाविक येतात आणि त्यांना घाट चढून यावे लागे, म्हणजे कामाच्या ऐन हंगामात भाविकांची रांग मजुरांच्या शेजारून जाणार. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ होते. कल्याणजवळच्या हाजीमलंगाला हिंदू-मुसलमान दोघेही नवस बोलत.

माणसे एकाच वेळी अनेक ठिकाणी हात जोडत असत. गळ्यात माळ घालणारा वारकरी मांस-मद्य सोडतो. त्याचाच भाऊ मरीआईला कोंबडे कापतो. या दोघांचे एका चुलीवर कसे निभते, हे दाखवणे एखाद्या लांबलचक कीर्तनाच्या वर्णनापेक्षा अधिक बोलके होईल.

घाटातल्या शिंगरोबाची कथा पुष्कळांना वापरावीशी वाटते. इंग्रजांना घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि बदल्यात त्याला गोळी मिळाली, अशी ती लोककथा असून त्याचे देऊळ घाटात आहे. तिला कागदोपत्री इतिहासाचा दर्जा देऊ नये. एखाद्या म्हाताऱ्या पात्राने शेकोटीपाशी सांगितलेली गोष्ट म्हणून ती जरूर यावी.

पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीच्या प्रसंगात देवाने चमत्कार केला तर चालेल का?

माझे उत्तर नकारार्थी आहे. पटकीने या घाटात फार माणसे नेली. मेलेल्यांची पूर्ण नोंद कोणी ठेवली नाही, म्हणून कादंबरीतही ठाम आकडा देऊ नये. ज्या वस्तीत शेजारच्या दहा पालांत रडारड चालू आहे, तिथे केवळ नायिकेच्या नवसाला देव पावला असे दाखवले, तर उरलेल्या मेलेल्यांच्या प्रार्थना खोट्या होत्या असा अर्थ निघतो. भक्तिप्रधान कथेला याहून मोठा डाग नाही.

साथीत लोक प्रत्यक्षात काय करत, ते लिहावे. मरीआईचा गाडा वाजतगाजत वेशीबाहेर नेला जाई, कडक लक्ष्मीवाले पोतराज आसूड ओढत येत, आणि पुष्कळ मजूर रातोरात घाट सोडून पळून जात. गाडा एका वस्तीच्या शिवेवरून दुसऱ्या वस्तीच्या शिवेवर ढकलला जातो, या रिवाजातच एक नैतिक प्रश्न दडलेला आहे : आपली पीडा शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची का? एखाद्या पात्राने गाडा ओढायला नकार दिला, तर त्याची श्रद्धा चमत्काराशिवायही वाचकाला दिसेल.

जातीचा विषय टाळला तर कथा अधिक गोड होईल, असे प्रकाशक सांगतात.

गोड होईल, पण खोटीही होईल. पाणवठा, चूल, झोपड्यांच्या रांगा आणि टोळ्या, सगळे जातीवार होते. एका बोगद्यात खांद्याला खांदा लावून राबणारी माणसे संध्याकाळी वेगवेगळ्या पाण्यावर जात. दोन जातींत प्रेम दाखवायचे असेल, तर जातपंचायत, वाळीत टाकणे आणि गावी राहिलेल्या भावंडांची लग्ने मोडणे हे परिणाम दाखवावे लागतील. शेवटच्या पानावर सगळ्यांचे मन पालटते, ही युक्ती आता वाचकाच्या लगेच लक्षात येते.

भक्तीच्या अंगानेही हा विषय टळत नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळाला तो साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. म्हणजे आपल्या कथेतला महार वारकरी शेकडो कोस चालून गेला, तरी महाद्वारासमोरच्या चोखोबांच्या समाधीपाशी थांबणार. त्याच्याबरोबर चाललेला कुणबी मित्र आत जाणार. परतीच्या वाटेवर ते दोघे काय बोलतात, हे लिहिण्याचे धाडस लेखकाला असावे.

चोखोबांचा उल्लेख निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि कामावरच्या मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्यांची, असे ओळखून नामदेवांनी ती पंढरपुरास आणली, अशी परंपरा आहे. बांधकामावर दगडांखाली मेलेला संत घाटातल्या मजुराला किती जवळचा वाटत असेल! बोगद्याचे छत कोसळून टोळी आत अडकल्याचा प्रसंग लिहिणार असाल, तर बाहेर बसलेल्या बायकांपैकी एखादीच्या तोंडी ही कथा यावी. लेखकाने मात्र तिच्यावर भाष्य करू नये.

ख्रिस्ती नायक किंवा नायिका ठेवता येईल का?

अवश्य. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला चालू होते, ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक १८४२ पासून निघत होते. शिवाय मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली, म्हणजे घाटाचे काम चालू असतानाच प्रसिद्ध झाली आणि ती धर्मश्रद्धेतूनच विधवांच्या दुःखाकडे पाहणारी आहे. श्रद्धेवर उभी असलेली कादंबरी हा प्रकार मराठीला परका नाही, हे शंका घेणाऱ्यांना सांगायला हरकत नाही.

मात्र धर्मांतर हे प्रेमाचे बक्षीस किंवा अट म्हणून आणू नये. धर्म बदलणाऱ्याला घर, वतन, बायकोमुले गमवावी लागत. त्याचे मोल कथेने मोजले पाहिजे. रेव्हरंड टिळकांची भजने पात्रांच्या तोंडी घालणे हीसुद्धा चूक ठरेल, कारण टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आहे.

जानेवारी १८५९ मधील दंगा कथेत कसा वापरावा?

मजुरी थकल्यामुळे मजूर उठले आणि युरोपीय कर्मचाऱ्यांवर चालून गेले, हे या कामाच्या इतिहासातले महत्त्वाचे वळण आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच, मार्चमध्ये, कंत्राटदार फेव्हिएल यांनी काम सोडले. आणि सार्वजनिक बांधकामांवरील मजूर व मालक यांच्या तंट्यांसाठी १८६० चा नववा कायदा आला. हा दंगा केवळ नायकाला शौर्य दाखवण्याची जागा म्हणून वापरला, तर फार मोठी संधी वाया जाते. थकलेली मजुरी म्हणजे बनियाकडचे उधार बंद, चूल बंद आणि मुकादमाशी हातापायी. माळकरी माणसाने दगड उचलावा की नाही, हा खरा पेच आहे. दोन्ही बाजूंनी चांगले बोलणारी पात्रे ठेवावीत.

एक बारीक इशारा : जानेवारीचा बराचसा भाग पौषात येतो आणि पौषात लग्नकार्ये होत नाहीत. दंग्यानंतर लगेच पाचव्या दिवशी वाजतगाजत लग्न लावू नये. ते साल शके १७८० चे आहे. जुने पंचांग जवळ ठेवूनच तिथी ठरवाव्यात.

ॲलिस ट्रेडवेल यांना पात्र म्हणून आणता येईल का?

येईल, आणि मोह होणे स्वाभाविक आहे. सॉलोमन ट्रेडवेल यांनी १८५९ च्या अखेरीस कंत्राट घेतले, भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत ते वारले आणि त्यांच्या पत्नीने, ॲलिस यांनी, ते कंत्राट आपल्याकडे घेऊन ॲडमसन आणि क्लाउझर या व्यवस्थापकांकरवी पार पाडले. घाटात परक्या देशी विधवा झालेली ही बाई आणि पाट्या वाहणारी मराठी विधवा यांना समोरासमोर आणण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. ती भेट एकदाच आणि दुरून व्हावी. दोघींना मैत्रिणी करून टाकणे म्हणजे मालक आणि मजूर यांच्यातले अंतर पुसून टाकणे होय. ॲलिस यांच्या मनातले खासगी विचार रचण्यापेक्षा मजुरांना ती कशी दिसली असेल, तेवढेच लिहावे.

काळाच्या कोणत्या चुका नेहमी आढळतात?

सर्वांत पहिली चहाची. मजुराच्या झोपडीत त्या वेळी चहा नव्हता. आंबील, भाकरी, कांदा आणि ठेचा होता. डायनामाइटचे पेटंट १८६७ चे असल्यामुळे घाटात फक्त काळ्या दारूचे सुरुंग उडाले. रॉकेलची चिमणी लावू नये, तेलाची पणती लावावी. छापील गाथेतून अभंगाचा क्रमांक शोधणारा मजूरही नको : सरकारी मदतीने ‘इंदुप्रकाश’ने काढलेली तुकोबांची गाथा १८६९ पासूनची आहे, आणि आपली बहुतेक पात्रे निरक्षर आहेत, त्यांचे अभंग पाठ असतात, कधी चुकीचे पाठ असतात, आणि तसेच ते लिहावेत. मुंबईच्या स्थानकाची भव्य दगडी इमारतही अजून उभी राहिलेली नाही.

संवाद कोणत्या बोलीत लिहावेत?

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही जुनी विभागणी अजूनही उपयोगी आहे. मावळातला कुणबी आणि कोकणातला कुणबी यांचे बोलणे वेगळे असावे. वडार घरात तेलुगूच्या वळणाची आपली बोली बोलतात, बाहेर मोडकी मराठी. ती हास्यास्पद करू नये. प्रत्येक शब्द बोलीत वळवण्याचा अट्टहास केला, तर वाचक थकतो. क्रियापदे आणि हाका सांभाळल्या तरी पुरते. बायको नवऱ्याचे नाव घेणार नाही, तो तिला ‘अगं’ म्हणेल आणि चारचौघांत तेही म्हणणार नाही. हे बंधन प्रेमकथेला फार पोषक आहे.

शृंगार कितपत असावा?

या प्रकारच्या कथेचा वाचक संयमाची अपेक्षा ठेवतो, पण तो निर्जीव कथेची अपेक्षा ठेवत नाही. डोक्यावरची पाटी उचलून देताना चुंबळ सरळ करणारा हात, एवढे नेमके लिहिले तरी पुष्कळ होते.

कथा कुठे संपवावी? उद्घाटनाच्या समारंभात का?

२१ एप्रिल १८६३ चा समारंभ अखेरीला ठेवण्याची प्रथाच पडली आहे, आणि मला ती पटत नाही. त्या मांडवात मजुरांना जागा नव्हती. बर्कलीसुद्धा आदल्याच वर्षी वारले होते. शिवाय काम संपले, याचा मजुराच्या लेखी अर्थ मजुरी संपली असाच होता. उत्तरेकडे कसाऱ्याहून इगतपुरीला चढणाऱ्या थळघाटाचे काम अजून चालू होते आणि ते १८६५ मध्ये पुरे झाले. तिकडे जायचे की गावी परतून जमिनीचा तुकडा सोडवायचा, या प्रश्नावर नवरा-बायकोत मतभेद ठेवून कथा संपवता येते. त्यांच्यापैकी कोणाचे म्हणणे खरे, याचा निकाल लेखकाने दिला नाही तरी चालेल. तो निकाल द्यायचाच असेल, तर मात्र पहिल्या उत्तरातली कसोटी त्यालाही लावून पाहावी.